रक्ताची गाठ

डॉक्टर प्रेमिला मेश्रामने फडक्याची तिसरी गाठ दातांनी सोडवली, डब्याचं झाकण उघडलं आणि ती डब्याकडे बघतच राहिली. डब्यात लालभडक तर्री होती आणि तर्रीत भेजा होता.

"गिरिधर," ती म्हणाली, "आपलं सामान आलं."

लॅबमधला तंत्रज्ञ गिरिधर परीक्षानळ्या धूत होता. ओल्या हातांनीच तो जवळ आला आणि डब्यात डोकावला.

"हे तर शिजलं, मॅडम."

या भेज्यावर दोघांनी फार आशा ठेवली होती. खालच्या वॉर्डात जयवंता नावाची सावनेरकडची एक शेतकरीण होती. बाळंतपणानंतर तिच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. ती वाढू नये म्हणून सुया चालू होत्या, पण सुयांवर कुणाला घरी पाठवता येत नाही. घरी जायचं तर रक्त पातळ करणारी गोळी हवी, आणि गोळी द्यायची तर रक्त किती पातळ झालं ते सतत मोजायला हवं. कमी पडली तर गाठ फुप्फुसात जायची, जास्त झाली तर रक्तस्राव व्हायचा. रक्त किती वेळात साकळतं ते मोजायला लागणाऱ्या विलायती पावडरीचं पार्सल मुंबईच्या कस्टममध्ये अडकून पडलं होतं, आणि तिथल्या साहेबांना कसलीच घाई नव्हती. "चाचणी नाही, तर गोळी नाही," विभागप्रमुखांनी सांगून टाकलं होतं, आणि ते काही चूक बोलत नव्हते. जयवंताची तान्ही पोर गावी सासूजवळ होती. जयवंता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असे.

ती विलायती पावडर म्हणजे शेवटी वाळवलेला भेजाच, हे प्रेमिलाने एका मासिकात वाचलं आणि तिला जो हुरूप चढला तो चढलाच. तिकडे सशाचा वापरतात म्हणे. नागपुरात एवढे ससे कुठून आणायचे? बकऱ्यांची मात्र या शहराला कधी वाण पडली नव्हती. तिने ताराचंद खाटकाला ताजा भेजा सांगून ठेवला. ताराचंदने भलत्या उत्साहाने तो सकाळी थेट तिच्या इंदोऱ्यातल्या घरी नेऊन दिला. प्रेमिला तेव्हा वॉर्डात होती आणि घरी तिची आई, अंजनाबाई होत्या. लेक कामापायी वाळून चालली आहे असं ज्यांचं ठाम मत, त्यांच्या हातात ताजा भेजा पडल्यावर दुसरं काय होणार?

प्रेमिलाला चिडायचं होतं, पण वासाने आधी भूक लागली.

"आज शनिवार आहे," गिरिधर म्हणाला आणि त्याने पोळी तर्रीत बुडवली. "मी नुसता रस्साच घेतो."

संध्याकाळी अंजनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तोंडावर पदर धरला.

"मले काय मालूम, तुमच्या दवाखान्यात भेजाबी लागते म्हणून? मी म्हटलं, पोरगी डोक्यानं काम करून राहिली, तर तिले डोकंच खाऊ घालू."

"बरं झालं, चांगला तरी झाला होता," प्रेमिला हसत म्हणाली. "पन डब्याले तीन गाठी काहून मारतं वं माय? एकाद्या दिवशी दात पडतीन माहे."

अंजनाबाईंनी ते ऐकलंच नाही. त्या सगळ्यालाच तीन गाठी मारत. पिशवीला तीन, पिठाच्या गाठोड्याला तीन. विड्या वळायच्या त्या काळातही प्रत्येक विडीला दोऱ्याचा जास्तीचा वेढा असायचा, आणि ठेकेदार ओरडायचा की दोरा काय तुह्या बापाचा आहे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले देव एका दिवसात गेले. गाठी राहिल्या. आईची खोड म्हणून प्रेमिलाने त्यांचं कारण कधी विचारलं नव्हतं.

ताराचंदने दुसरा भेजा दिला तेव्हा तो डोळे मिचकावून म्हणाला, "काहून डॉक्टरीणबाई, पहिला पुरला नाई का?" प्रेमिलाने तो स्वतः लॅबमध्ये नेला. वरचा पातळ पापुद्रा आणि शिरा चिमट्याने काढल्या, ॲसिटोन ओतून खलात घोटला, पुन्हा ओतून पुन्हा घोटला. वास सगळ्या मजल्यावर पसरला आणि शेजारच्या विभागाने निषेध म्हणून खिडक्या लावून घेतल्या. वाळल्यावर खाली उरली ती फिकट, भुसभुशीत भुकटी. ती मिठाच्या पाण्यात कालवली आणि प्रेमिलाने आपलंच रक्त काढायला गिरिधरपुढे हात केला.

लाल पेशी खाली बसवून वरचं पिवळसर पाणी नळीत घेतलं, त्यात भुकटीचं पाणी आणि कॅल्शियम सोडलं. कोमट पाण्यातून नळी काढून तिने दिव्यासमोर तिरपी केली. पातळ. पुन्हा तिरपी केली. पातळच. पुढच्या खेपेला ते हललंच नाही. विरजलेल्या दह्यासारखं घट्ट बसलं.

"साकळलं!" ती ओरडली. "गिरिधर, साकळलं!"

"माझं घ्या, मॅडम, माझं घ्या!" गिरिधर आधीच बाही वर करत होता.

त्याचंही तितक्याच वेळात साकळलं. आवाज ऐकून विभागप्रमुख आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नळी उलटसुलट करून पाहिली.

"छान आहे," ते म्हणाले. "पण दोघांवरून काही ठरत नाही. आणखी निरोगी माणसं घ्या. सगळ्यांचं जुळलं तर उद्या गोळी सुरू करू."

प्रेमिलाने वॉर्डातली नर्स पकडली, दारावरचा शिपाई पकडला. दोघांचं जुळलं. इतक्यात डबा घेऊन अंजनाबाईच दारात आल्या.

"माह्यापायी तुहं काम खोळंबलं," त्या म्हणाल्या. "माहंबी रक्त घे. फुकट बसून काय करू?"

गिरिधरने त्यांचं रक्त काढलं. सुईच्या जागेवर लावलेला कापूस भिजला म्हणून दुसरा लावला, तोही भिजला. प्रेमिलाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती नळी तिरपी करत होती. पातळ. पुन्हा पातळ. इतरांचं जेव्हा घट्ट झालं होतं ती वेळ टळून गेली, तरी नळीतलं पाणी खुशाल इकडून तिकडे वाहत होतं.

भुकटी बिघडली असेल तर आजचं सगळं वाया, आणि जयवंताला काय सांगायचं? तिने नर्सचं रक्त पुन्हा लावून पाहिलं. साकळलं. आईचं पुन्हा लावलं. पातळ. मग तिने एका नळीत अर्धं आईचं आणि अर्धं आपलं घातलं.

ते बसलं. घट्ट, नीट, सगळ्यांसारखं.

"भुकटी बरोबर आहे!" प्रेमिलाने टेबलावर थाप मारली. "भुकटी अगदी बरोबर आहे, गिरिधर! फरक रक्तात आहे! आईच्यात जे कमी आहे ते माझ्यातून भरून निघालं!"

आता तिला थोपवणं शक्य नव्हतं. ती आईसमोर स्टूल ओढून बसली.

"माय, तुले लागलं तर रक्त लवकर थांबते का?"

"नाई थांबत. बाईमानसाचं असंच असते."

"असंच नसते! तुह्या रक्ताले गाठच मारता येत नाई. जे गाठ मारते तेच त्यात कमी आहे, जन्मापासून. अन् हे पोरांत उतरते. त्यात तू अन् बाबा मामा-आत्याचे. मी वाचली, पन एकाद्या पोरात जास्त उतरलं तर त्याचं नाळेपासूनच सुरू होते, बेंबीतून रक्त थांबतच—"

अंजनाबाईंचा कापूस दाबणारा हात सैल पडला होता. प्रेमिला बोलता बोलता थांबली.

"तुह्या मोठ्या भावाचं तसंच झालं," अंजनाबाई म्हणाल्या.

आपल्या आधी एक भाऊ होऊन गेला, एवढंच प्रेमिलाला ठाऊक होतं. तो कसा गेला हे घरात कुणी बोलत नसे.

"वावरात मी एकटीच होती. लुगड्याचा दोरा काढून नाळ मीच बांधली. मंग बेंबीतून थेंब थेंब लागलं, ते थांबलंच नाई. तुही आजी चारचौघीत म्हने, हिनं गाठ नीट मारली नाई, पोरगं हिनंच घालवलं." त्यांनी कापूस पुन्हा दाबून धरला. "मलेबी तसंच वाटे. एकच मारली होती मी."

गिरिधर उगाच नळ्या पुसायला लागला.

"अन् तीन मारल्या असत्या तर?" अंजनाबाईंनी विचारलं.

"बैलाच्या कासऱ्यानं बांधली असती तरी थांबलं नसतं, माय," प्रेमिला म्हणाली. "गाठ तुही बरोबरच होती. रक्त गाठ धरत नव्हतं."

अंजनाबाईंनी हात पुढे केला तेव्हा प्रेमिलाने त्यांच्या रक्ताची नळी त्यात दिली. त्यांनी ती लेकीसारखीच दिव्यासमोर तिरपी केली, पुन्हा तिरपी केली, आणि बराच वेळ ते वाहणं पाहत राहिल्या.

"अन् हे दुसरं, आपल्या दोघींचं?"

"हो."

ती नळी त्यांनी पार उलटी केली. एक थेंबही सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागप्रमुखांनी स्वतः वॉर्डात येऊन होकार दिला, आणि प्रेमिलाने जयवंताच्या तळहातावर पहिली गोळी ठेवली. जयवंताने ती उलटून पालटून पाहिली.

"एवढीशी?"

"एवढीशीच. रोज रक्त मोजू. माप जमलं की तुम्ही घरी."

"पोरीकडं?"

"पोरीकडं."

जयवंताने गोळी गिळली, पाणी प्याली, आणि भिंतीकडे न वळता दाराकडे तोंड करून बसली. प्रेमिला जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून लॅबमध्ये आली. सकाळी घाईत सायकलच्या हँडलला अडकवून आणलेलं डब्याचं गाठोडं तिने आता कपाटावरून खाली घेतलं. गिरिधर तीन गाठी कापायला कात्री घेऊन आला.

कात्रीचं काही काम नव्हतं. फडक्याला एकच गाठ होती, तीही वाटेत सुटली होती. झाकण कलंडून निम्मं वरण फडक्यात झिरपलं होतं.

"अरेरे," गिरिधर म्हणाला. "घरी गाठ नीट मारली नव्हती, मॅडम."

"नव्हतीच मारली," प्रेमिला म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका फुलला की गिरिधरने कात्री खिशात ठेवून आपला डबा तिच्यापुढे सरकवला.