काळ्या वायरचा अर्थ

"पंखाच खोटा हाय, अव्वा! लिहून देतो."

"खोटा व्हय? मग बॅटरीवर धरला की भिंगरीगत का फिरतोय? तुजं तोंड बघून रुसतोय जनू!"

ज्याच्यावरून हे भांडण पेटलंय तो मी, विजेचा पंखा, बोलतोय. मोटारीच्या रेडिएटरशी बसून इंजिन थंड ठेवायचं, हे माझं काम. भांडणारी दोघं म्हणजे मोटारीच्या मालकीण जगदेवीअव्वा, आणि त्यांच्या यजमानांच्या हाताखाली क्लीनर होता तो मायाप्पा. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. मला कुणी विचारत नाही. पंख्याला पाती असतात, जीभ नसते.

जन्म माझा परदेशातला. एका चेचलेल्या विलायती मोटारीतून निघून पुण्याच्या जुन्या बाजारात पडलो होतो, तिथून मायाप्पानं मला उचललं. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. सोलापूरच्या उन्हात अव्वांची जुनी मोटार सारखी उकळायची. पट्ट्यावर फिरणारा मूळचा पंखा काढून त्यानं मला बसवायचं ठरवलं. "नवी तऱ्हा हाय, अव्वा. बटन दाबलं की वारा."

अव्वा शाळेची पायरी न चढलेल्या, पण दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर शिकलेल्या. कुणाचं ऐकून घेतील तर शपथ! "नवा पंखा गंजक्या पत्र्यावर बसवतोस? आदी रंग दे. चांगला जाड दे."

मायाप्पानं दोन हात हिरवा रंग दिला आणि माझी काळी वायर त्या रंगावरच स्क्रूनं आवळली. माझ्यातून फिरून वीज गाडीच्या लोखंडात परत जाते ती याच वायरनं. मिस्त्री लोक तिला अर्थ म्हणतात. रंगातून वीज जात नाही; त्याच्याआडून तिला लोखंड कसंबसं शिवायचं, कधी शिवायचंही नाही.

म्हणून मी कधी फिरे, कधी नुसता कण्हे. मायाप्पानं फ्यूज बदलला, बटन बदललं, लाल वायर नवी ओढली. थेट बॅटरीवर धरलं की मी झोकात फिरायचो. गाडीवर आलो की मेलो. "अर्थ तर घट्ट हाय," स्क्रू पिळून तो म्हणायचा. घट्ट असणं म्हणजे लागणं नव्हे रे बाबा! मी ओरडायचो, पण कुणाला ऐकू जाणार?

परवा सकाळी निरोप आला. अक्कलकोटपलीकडच्या गावी अव्वांची धाकटी बहीण काशम्मा जायच्या वाटेवर होती, 'अक्का, अक्का' करत होती. मायाप्पानं गाडी काढली. वळसंगच्या अलीकडं मी थांबलो. इंजिन उकळलं, वाफ उसळली. अव्वा घागर मागून घेऊन भर उन्हात स्वतः विहिरीवर गेल्या. पाणी ओतत, थांबत, पुन्हा ओतत पोचलो, तेव्हा काशम्माचा देह भस्म लावून, रीतीप्रमाणे भिंतीशी बसवला होता.

"तासाभरामागं दाराकडंच बगत हुती की," कुणी बाई म्हणाली.

मी बोनेटखाली अव्वांच्या रडण्याची वाट पाहत राहिलो. ते आलंच नाही.

ते सगळं आज भांडणात बाहेर पडत होतं. मायाप्पा मला भंगारात टाकायला निघाला, तसा अव्वांनी त्याचा हात झटकला.

"सरक! ही काळी कुटं जाती?"

"त्यो अर्थ. धा येळा बगितलाय, घट्ट हाय."

"काडून बगितलास?"

मायाप्पानं पेचकस लावला. स्क्रू निघाला. खाली हिरवागार रंग, जसाच्या तसा. अव्वा त्या रंगाकडं बघत राहिल्या. हट्ट त्यांचाच होता. मग कानस घेऊन त्यांनी स्वतःच तो खरवडला. पांढरं लोखंड उघडं पडलं. मायाप्पानं वायर आवळली, बटन दाबलं.

मी फिरलो. असा फिरलो की अव्वांचे पांढरे केस उडाले. जन्मात इतका जोरात फिरलो नव्हतो, आणि जन्मात कधी इतकं थांबावंसं वाटलं नव्हतं.

"अर्थ लागला, अव्वा!" मायाप्पा ओरडला. हसत होता बिचारा.

अव्वांनी कानस खाली ठेवली.

"लागला रं मायाप्पा. पन आता त्याला काय अर्थ हाय?"