अर्ध्यात उठणारा खेळाडू

घाटनांदूरच्या बाजारगल्लीत मन्मथ आप्पांचं कापडाचं दुकान आहे, आणि दुकानाच्या ओट्यावर रोज दुपारी तीनला सोंगट्यांचा पट पसरतो. आप्पा सहसा खोटं बोलत नाहीत. कापड आटणारं असेल तर आटेल म्हणून तोंडावर सांगतात, मग गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर. पण गेले तीन महिने हाच माणूस रोज संध्याकाळी फोनवर पोटच्या पोरीशी खोटं बोलत होता, आणि तेही अगदी गोड आवाजात.

"आप्पा, खेळलात का आज?" पुण्याहून स्वप्नाली विचारायची.

"खेळलो की! लई भारी केलंस बाई. सोडवतच न्हाई."

स्वप्नालीनं नोकरी सोडून दोन मैत्रिणींबरोबर फोनवर सोंगट्या खेळायची साइट काढली होती. पट माहीत असलेली माणसं गावोगाव आहेत, एकदा आली की हलायची नाहीत, असा तिचा हिशेब. पण माणसं यायची, एखादा डाव खेळायची आणि गायब व्हायची. टिकायचे ते फक्त हाडाचे खेळाडू, आणि ते नवख्याला बघता बघता लोळवून मोकळे. महिनाअखेरपर्यंत सहज म्हणून खेळणारी माणसं टिकली नाहीत तर साइट बंद करायची, असं तिघींनी ठरवलं होतं.

हे कळल्यापासून आप्पांच्या जिवाला घोर लागला होता. पोरीसाठी ते रोज दुपारी पटावर बसण्याआधी साइट उघडायचे. पासवर्ड विसरायचे, नवा करायचे. समोर कोण आहे ते कळायचं नाही, त्याची खुशाली विचारायची सोय नाही, आणि कोपऱ्यात घड्याळ आपलं पळतंय. तेवढ्यात कुणी बाई अस्तराचं कापड मागायला आली की फोन गादीवर टाकून उठायचे. परत येऊन बघावं तर डाव हरलेला.

एका शनिवारी काही न कळवता स्वप्नाली दुकानासमोर येऊन उभी राहिली. खांद्यावर बॅग, डोळे सुजलेले. ओट्यावर डाव रंगात आला होता. आप्पा आणि जीपवाला हरिबा खेळत होते. शिंपी बद्रीनाथ आणि आणखी चौघं नुसतेच उभे होते, आणि खेळणाऱ्यांपेक्षा तेच जास्त बोलत होते.

"आप्पा, तुमच्या नावावर एकेचाळीस डाव हायेत," ती म्हणाली. "सगळेच्या सगळे अर्ध्यात सोडलेले. काल साइटनं तुमाला पळपुटा ठरवून बंद केलंय."

"मन्मथ आप्पा आन् पळपुटा?" बद्रीनाथ उसळला. "कोण म्हणतंय त्यो?"

"माझीच साइट म्हणतीया, काका."

आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमक्या त्याच वेळी सुभद्राबाई सुनेसाठी साडी बघायला आल्या. सवयीनं आप्पांनी कवड्या बद्रीनाथच्या हातात दिल्या, "टाक रे माझं दान," आणि आत गेले. साड्या उलगडता उलगडता त्यांचं लक्ष बाहेर होतं. बद्रीनाथनं दोन दानं टाकली, मग त्याला कुणीतरी त्याच्या दुकानात बोलावलं, तसा तो कवड्या शेजारच्याला देऊन गेला. शेजाऱ्यानं एक सोंगटी घरात नेली. डाव नेमका कुणाचा, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. पोरगी खांबाला टेकून हे सगळं पाहत होती.

सुभद्राबाई साडी घेऊन गेल्या आणि आप्पा बाहेर आले.

"मला न्हाई आवडत तुझा खेळ," ते एका दमात म्हणाले. "खेळ झकास हाय, पर त्यात नुसतं येऊन उभं ऱ्हाता येत न्हाई बाई. आलं की बसा, बसलं की जिंका. हितं बघ, निम्मी माणसं खेळायला आलेलीच न्हाईत."

"मग तीन महिनं कावून न्हाई सांगितलं?"

"तू रडशील म्हणून."

"मग आता काय करतीया मी?" असं म्हणून ती ओट्यावर बसली आणि खरंच रडू लागली. हरिबानं पाण्याचा तांब्या पुढं केला. दोन घोट पिऊन ती हळूच म्हणाली, "आप्पा, मी बी न्हाई खेळत. दोन वर्षांत एकदाबी मौजेनं न्हाई खेळले. तिकडं खोलीत एकटी असते. हा ओटा आठवायचा, म्हणून केलं हे सगळं."

साइट बुडाली असती तरी चाललं असतं, पण पोर इतकी एकटी आहे हे आप्पांना आज कळत होतं. ते तिच्या शेजारी जाऊन बसले.

सोमवारी ती पुण्याला गेली. साइट बंद करायचा दिवस तिघींनी महिनाभर पुढं ढकलला. आधी साइटवर बघ्यांना उभं राहायला जागा करायची, एकाचं दान दुसऱ्याला टाकू द्यायचं आणि मग बघू, असं ठरलं.

मंगळवारी तीनला आप्पांनी तिला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर करून पटाशेजारी ठेवला. "खेळू नकोस, बोलूबी नकोस. काम करता करता नुसती आईक," असं तिला बजावलं. बराच वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. लाइन तुटली की काय म्हणून आप्पांनी दोनदा वाकून बघितलं. मग समोर बसलेल्या हरिबाला दान पडलं. ते मोठ्यानं मोजत त्यानं कडेच्या सोंगटीला हात घातला.

"हरिबाकाका, ती नगा हलवू!" फोन ओरडला. "आता सांगितलं न्हाई का बद्रीनाथकाकांनी, ती मरतीया म्हणून! मागची घ्या!"

अख्खा ओटा हसायला लागला. हरिबानं मागची सोंगटी घेतली.

"अगं, पोरगी कुणाची तू?" आप्पा फोनवर खेकसले.

पलीकडे स्वप्नाली खळखळून हसत होती. तो डाव आप्पा हरले. हरल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही; धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत त्यांनी दुसरा डाव मांडला.