पेवातली गोड ज्वारी

"नुसती मुठीत धरून काहून उभा राहिला? खाऊन सांग ना."

काका पेवाच्या तोंडाशी बाज टाकून बसले होते. समोर लमाण तांड्यावरचा थावरा मूठभर ज्वारी घेऊन उभा होता. ज्येष्ठ सरत आला होता, पाऊस ओढ देऊन बसला होता आणि गावच्या पांढरीत जमिनीखाली खणलेलं आमचं धान्याचं पेव आदल्या दिवशी उघडलं होतं. त्या ज्वारीचा वास पार वेशीपर्यंत गेला होता.

थावराच्या मागं रांग होती. मी मोजली, थावरा धरून चाळीस माणसं. निम्मी तांड्यावरची, निम्मी गावातली. सगळ्यांच्या कणग्यांचा तळ उघडा पडला होता. दर साली या दिवसांत काका त्यांना पेवातली ज्वारी उधार देत आणि मार्गशीर्षात नवी ज्वारी घरात आली की दिडीनं परत घेत. चार पोती नेली तर सहा आणायची. हे आसपासच्या सगळ्याच गावांत चालायचं. काकांची रीत मात्र त्यांची स्वतःची होती. नेणाऱ्यानं पोत्याला हात लावायच्या आधी चार दाणे चावायचे आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "गोड हाय." म्हणजे मागून तक्रारीला जागा नाही. परत आणताना दाणे काका चावायचे. तेव्हा ज्वारी कधीच गोड लागत नसे. ती ओलसर निघे, पोचट निघे, खड्यांची निघे, आणि पोत्यामागं एक पायली वाढे.

मी त्याच साली हैदराबादहून बी.एस्सी. होऊन आलो होतो. लढाई चालू होती, नोकरीचा हुकूम येत नव्हता, म्हणून काकांच्या घरी राहत होतो. माझ्या शिक्षणाचा त्यांना एकच उपयोग सापडला होता: पेव उघडलं की आत कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही, हे गावाला माझ्या कितीतरी पिढ्या आधी ठाऊक होतं. मी फक्त कारण सांगू शकत होतो. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो, आणि त्याचा जड वायू तळाशी साचून राहतो. वास कशानं येतो, हे मला कुणी विचारलं नाही. तेही ठाऊक होतं. पेवाच्या भिंतीला ओल होती. कडेची ज्वारी काळी पडून तिच्या ढेपा झाल्या होत्या. आंबलेलं ताक, भिजलेलं गोणपाट आणि मेलेला उंदीर एकत्र केला तर जो वास येईल तो त्या दाण्यांना होता. काका ढेपा फोडून चांगल्या ज्वारीत मिसळायला लावत. आमच्या घरात मात्र भाकरीला वरच्या कोठीतली ज्वारी दळली जाई.

थावरानं चार दाणे तोंडात टाकले. त्याचं नरडं वर-खाली झालं.

"गोड हाय, मालक."

त्याच्या मागं त्याची बायको रुख्मिणीबाई उभी होती. ती बाजूला वळून थुंकली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी थुंकली.

"काय गं, काय झालं?" काकांनी विचारलं.

"थुकले, मालक. तुमच्या मालाचं नाव कुठं घेतलं?"

थावरानं तिला दटावलं, चारचौघांत काय बोलावं कळत न्हाई व्हय, म्हणाला. काका हसले. त्यांची एक आवडती म्हण होती, ती त्यांनी मला ऐकवली: नाक दाबलं की तोंड उघडतं. मापारी चाँद पाशानं पायली भरली आणि मोजायला सुरुवात केली. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं असतं. "लाभ," तो म्हणाला, "दोन, तीन..." लाभ कुणाचा, हे विचारायची रीत नव्हती.

तिसऱ्या दिवशी रुख्मिणीबाई आमच्या मळ्याच्या बांधावर गवत कापत होती. मला पाहून उभी राहिली. तिला एक विचारायचं होतं. ती ज्वारी अजून सहा महिने ठेवली तर आणखी कुजेल का?

मी म्हणालो, दोन दिवस कडक उन्हात पसरून कोरडी केली तर पुढं कुजणार नाही. वास मात्र जाणार नाही.

"वास ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वासच पाह्यजे."

मला तेव्हा कळलं नाही. ती सांगू लागली. गेल्या साली त्या भाकरी तव्यावर असतानाच लेकरं झोपडीबाहेर पळायची. धाकटी नाक दाबून घास गिळायची आणि गिळला की ओकायची. सासू म्हातारी, ती काही बोलायची नाही, पाण्यात बुडवून गिळायची. तेही चाललं असतं. पण सुगीला आपण राबून काढलेली मोत्यासारखी ज्वारी, तीही दीडपट, ह्या घाणीच्या बदल्यात द्यायची, आणि वर ह्या घाणीला गोड म्हणायचं, हे तिच्या पोटात ठरत नव्हतं. "धाकले मालक, ओकारी मला ज्वारीची न्हाई येत. त्या गोडाची येते."

तिनं ती चारही पोती वाळवली आणि झोपडीच्या कोपऱ्यात फळीवर रचली. उंदरांनी पाडलेल्या भोकांना तिनं आपल्या जुन्या फेटियाची लाल ठिगळं लावली. फेटिया म्हणजे त्या बायकांचा घागरा. मग जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात गेली आणि आपल्या घुगऱ्या सोनाराकडे गहाण ठेवून आली. घुगऱ्या म्हणजे कानाजवळ केसांत लोंबणारं चांदीचं लेणं. नवरा जिवंत असेपर्यंत लमाण बाई ते उतरवत नाही. आलेल्या पैशात दोन पोती स्वच्छ ज्वारी आली आणि थोडे पैसे कनवटीला उरले.

दोन पोती, पाच माणसं, साडेपाच महिने. पूर्वी तिच्या घरी रोज तीन शेर दळलं जाई. आता दीड शेर. उरलेलं अंबाडीच्या भाजीनं, तरोट्याच्या पाल्यानं, शेंगांच्या कुटानं भरून काढायचं. दीड शेरातलीही एक चिमूट ती गाडग्यात बाजूला टाकी. गाडगं भरलं की तेवढा एक दिवस पुढं ढकलला. थावरा पहिले आठ दिवस चिडला. भुकेपेक्षा त्याला लोकांचं बोलणं जास्त लागत होतं. विहिरीवर बायका रुख्मिणीबाईच्या मोकळ्या कानशिलांकडे बघत आणि विचारत, "काहून गं, थावरा हाय न्हवं जिता?" रांगेतल्याच देवलाची बायको चंदाबाई तर तिच्या शेजारची, तीही म्हणाली की आंथरूण पाहून पाय पसरावं हे खरं, पण हिनं पायच कापून टाकले. रुख्मिणीबाई घागर भरून चालू लागे.

भाद्रपदात काकांच्या दिवाणजीनं पेवाचा तळ खरवडून निघालेली ज्वारी जवळा बाजारला नेऊन विकली. ढोरांसाठी म्हणून, चांगल्या ज्वारीच्या चौथाई भावानं. दुसऱ्या दिवशी मला कळलं की त्यातली दोन पोती थावराच्या बैलगाडीतून तांड्यावर गेली. थावराकडे ढोरं म्हणजे तेवढे दोन बैल होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चार आणि दोन सहा.

मी काकांना काही बोललो नाही.

मार्गशीर्षात परतफेडीच्या दिवशी आमच्या दारापासून वेशीपर्यंत गाड्या लागल्या. हवेत नव्या ज्वारीचा कोरा वास होता. चाँद पाशा घोंगडी अंथरून बसला. रुख्मिणीबाईनं थावराची गाडी मुद्दाम सगळ्यांच्या पुढं घेतली होती. पहिलं पोतं सोडलं आणि तो कोरा वास मेला. माणसं मागं सरली. बैलानं मान झटकली.

काकांनी नाकाला उपरणं लावलं. "हे काय आणलंस?"

थावरा खाली बघत होता. बोलली ती. "ज्वारी, मालक. सहा पोती. चावून सांगा."

"ही जुनी हाय."

"जुनीच हाय. तुमच्याच पेवातली. चार तुमी दिली, दोन तुमच्या मान्सानं बाजारात विकली. माह्या नवऱ्यानं चाळीस जणांत गोड म्हणलं व्हतं. मधी कडू झाली असंल तं तसं सांगा."

कुणी हसलं नाही. काकांची नजर तिच्यावरून उठली आणि मागच्या गाड्यांवरून फिरत वेशीपर्यंत गेली. गणित त्यांना माझ्यापेक्षा लवकर सुटायचं. ही ज्वारी नासकी म्हणावं, तर ज्येष्ठात तीच दिली होती हे एकोणचाळीस जणांदेखत कबूल होणार. मग ते एकोणचाळीस जण दिडी कशाची म्हणून विचारणार आणि दोनशेवर पोती नवी ज्वारी गाड्यांसकट माघारी वळणार. सहा पोती एकीकडे, दोनशे एकीकडे.

त्यांनी उपरणं खाली घेतलं. पोत्यात हात घातला, चार दाणे तोंडात टाकले आणि चावले. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"गोड हाय," काका म्हणाले.

"लाभ," चाँद पाशा म्हणाला. पायली त्यानं शीग लावून भरली. त्या दिवशी पोत्यामागची वाढीव पायली मागायचं काकांच्या लक्षातच राहिलं नाही. निदान थावराच्या वेळी. मागच्यांच्या वेळी राहिलं. मागच्यांनी नासकी खाऊन संपवली होती. त्यांच्याजवळ परत द्यायला नवीच होती. देवला आपली सहा पोती उतरवताना थावराच्या रिकाम्या गाडीकडे सारखं बघत होता.

दुपारी काका जेवले नाहीत. मला वाटलं होतं, चिडतील, तांड्यावर माणसं पाठवतील. तसं काही झालं नाही. चूळ भरून आले आणि दिवाणजीला सांगितलं की ती सहा पोती ज्वारी त्याच पोत्यांत भरून कोपऱ्यात ठेव, पुढल्या साली जातील. बाई हुशार आहे, असंही म्हणाले. मला त्या दिवसभरात ज्वारीची शिसारी आली नव्हती. ती तेव्हा आली.

पुढल्या ज्येष्ठात पेव उघडलं, मी कंदील सोडला, तो विझला. दुसऱ्या दिवशी रांग लागली. काकांनी सुरुवातीलाच बजावलं की औंदा परतफेड नव्या ज्वारीचीच घेईन, जुनी आणणाऱ्याला पुन्हा दाराशी उभं करणार नाही. असं का, म्हणून कुणी विचारलं नाही.

थावरा रांगेत नव्हता. रुख्मिणीबाई आली होती, पण बाभळीखाली लांब बसली होती. हात न पसरता हा दिवस कसा दिसतो ते बघायला आले, म्हणाली. तिच्या घरी परतफेडीत जाणारी सहा पोती नवी ज्वारी वाचली होती. खाऊन आणि सुगीपर्यंतचं बाजूला काढून दोन पोती शिल्लक होती. सुगीत भाव पडलेला असतो म्हणून ती तिनं विकली नव्हती. आता भाव चढला होता. येत्या बाजारी ती दोन पोती विकायची आणि घुगऱ्या सोडवायच्या. कानशिलाजवळची बट ती बोलताना सारखी बोटानं मागं सारत होती.

देवलाची पाळी आली. त्यानं चार दाणे चावून "गोड हाय" म्हटलं आणि दिवाणजीनं कोपऱ्यातली पोती पुढं ओढली. त्यांच्यावर लाल ठिगळं होती.

रुख्मिणीबाई उठली. चंदाबाईनं पोत्याला हात घातला होता. तिच्याजवळ जाऊन हिनं ठिगळावर बोट ठेवलं. हळूच बोलली, पण मी कंदील घेऊन तिथंच उभा होतो.

"ठिव खाली. हे माह्या हातचं ठिगळ हाय. मी दिलेलं तुही लेकरं खातील, तं माह्या पोटात अन्न ठरंल व्हय?"

"मंग काय खाऊ? माती?" चंदाबाई म्हणाली. "तुला जमलं, तुह्याकडं घुगऱ्या व्हत्या. म्या माह्या कवाच इकल्या."

रुख्मिणीबाईचा हात बटेकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

"घरी दोन पोती हायेत. ने. सुगीला दोनाची दोन दे. दीड शेरावर कसं भागवायचं ते मी दावते."

चंदाबाईनं पोत्यावरचा हात काढला. देवला एकदा बायकोकडे, एकदा काकांकडे बघत होता. मग त्यानंही काढला.

"का रे?" काकांनी बाजेवरून विचारलं. "आत्ताच गोड म्हणलास ना?"

रुख्मिणीबाईनं पदर डोक्यावर नीट ओढला.

"लई गोड हाय, मालक," ती म्हणाली. "आमच्या लेकरायला इतकं गोड सोसत न्हाई."

काका तोंड फिरवून थुंकले. बहुतेक त्यांना चव आठवली असावी. मग त्यांनी हातानं पुढच्याला खूण केली. पुढचा आला, चार दाणे चावले, नरडं वर-खाली झालं.

मी संध्याकाळपर्यंत तिथं होतो. त्या दिवशी अडतीस जण गोड म्हणून पोती घेऊन घरी गेले. आदल्या साली चाळीस होते.