विहिरीचा श्वास

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. एक जुनी विहीर आहे. तिच्यावर सिमेंटचं झाकण आणि झाकणाला मधोमध बोटभर भोक. भोवती माणसं अंग चोरून उभी आहेत. एक गलेलठ्ठ बाबा घणघण घंटा वाजवतो. क्षणभर काहीच होत नाही. मग अगदी खोलातून लहान मुलीचे हुंदके येऊ लागतात.

आमदारबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

खरं तर त्या झाकण उघडायला आल्या होत्या. कारखान्यांनी विषारी पाणी जमिनीत सोडू नये, असा कायदा त्यांनी मांडला होता. शेजारच्या हातपंपाचं पाणी पिऊन वस्तीतली मुलं उलट्यांनी बेजार झाली होती. विहीर तपासल्याशिवाय पुरावा मिळणार नव्हता.

"आवाज ओळखलास?" बाबा गरजला. "तुझी धाकटी बहीण! झाकण उचललंस तर वस्तीतली लेकरं घेऊन जाईल!"

बाईंची बहीण चिमी याच वस्तीत, लहानपणीच गेली होती. बाबाला हे कुणीही सांगितलं असेल, एवढं बाईंना कळत होतं. पण कानांना समजावणार कोण? 'ताई... ताई...' असंच ऐकू येत होतं.

"राहू द्या ना बाई," वस्तीतला दूधवाला काकुळतीला आला. "माझी पोरगी आधीच अंथरुणाला खिळलीय."

बाईंनी फाईल मिटली. झाकण उचलायला आणलेल्या मजुरांना त्या परत पाठवणार, एवढ्यात सोबत आलेल्या भाचीने त्यांचा पदर ओढला.

"आत्या, भुताला श्वास असतो का गं?"

"गप्प बस."

"अगं, बघ तरी!"

तिने कागदाची पट्टी भोकावर धरली होती. हुंदके चालू होते तोवर पट्टी वर फडफडत राहिली. हुंदके थांबले आणि पट्टीने मान टाकली.

"आगाऊ कार्टी! तो आत्म्याचा निःश्वास आहे!" बाबा खेकसला.

"मग घंटेशिवाय बोलवा ना त्याला. का आत्म्याला कमी ऐकू येतं?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबाची नजर नकळत विहिरीलगतच्या कारखान्याच्या भिंतीकडे गेली. बाईंनी ती टिपली.

भाचीने रिकामी बाटली हातपंपाखाली धरली आणि दांडा दाबला. "ऐक, भरताना कशी गुणगुणते! पाणी आत शिरतं, हवा बाहेर पळते. विहिरीतही कुणीतरी पाणी सोडतंय, आत्या. घंटा ऐकून!"

"उघडा," बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, तरी म्हणाल्या.

पहारी लागल्या, झाकण सरकलं आणि नाकाला झोंबणारा वास आला. आत जांभळं पाणी होतं. कारखान्याच्या बाजूने आलेला पाइप अजून ठिबकत होता. बाबा गर्दीतून सटकू लागला, तशी दूधवाल्याने त्याची मान धरली.

बाई कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. चिमी तिथे रडत नव्हती. पण चिमी याच विहिरीचं पाणी प्यायची आणि कारखाना तेव्हाही होता. तिला उलट्या लागल्या तेव्हा घरच्यांनी मांत्रिक बोलावला. पाणी कुणीच तपासलं नाही.

मुलांनो, भीती वाटली तर वाटू द्या. आमदारबाईंनाही वाटली. फक्त घाबरत घाबरत का होईना, एवढं विचारा: हे होतं कसं?

बाईंनी पाण्याचा नमुना बाटलीत भरून घेतला आणि वळून पाहिलं, तर भाची जागेवर नव्हती. तिच्या शाळेमागेही एक झाकलेली विहीर होती. भुताच्या भीतीने मुलं तिकडे फिरकत नसत. कागदाची पट्टी हातात घेऊन ती तिकडे निघाली होती.