फलक येईपर्यंत

इंदिराबाईंनी पातेल्यात पळी घातली, तेवढ्यात सुयोगने हात आडवा केला.

“मावशी, थांबा. देणगीदारांचा फलक गाडीत राहिलाय.”

माळेगावच्या शिवारात, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांपुढे पोरं मांडी घालून बसली होती. पुढ्यात रिकामी ताटं. संस्थेच्या या अन्नछत्रात इंदिराबाई पहिल्यापासून राबत होत्या. सुयोग पुण्याहून नेमलेला व्यवस्थापक. भुकेलाही ‘प्रोजेक्ट’ म्हणणारा.

“पोटाला फलक लागत न्हाय, सायेब.”

“फोटो नाही तर निधी नाही, मावशी. आणि निधी नाही तर पिठलं नाही.”

“फलक नव्हता तवाबी पिठलं व्हतं की.”

पोरं खिदळली. इंदिराबाईंनी लेकीकडे पाहिलं. आसावरी बारामतीच्या कॉलेजात शिकवायची. आईला घरी न्यायला आली होती. तिने चष्मा काढून ओढणीने पुसायला घेतला आणि पुसतच राहिली.

फलक आला, बांधला, सरळ केला. पोरांना हसायला सांगितलं. तोवर पिठल्यावर पापुद्रा धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता इंदिराबाई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

दहाव्याला नीरेकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते. एकही खाली येईना. इंदिराबाईंचे भाऊ रामहरीमामा यांनी हात जोडले.

“अक्का, पोरीचा घोर करू नगंस. आमी हाय.”

कावळे हलले नाहीत.

सुयोग कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून आला होता. बरोबर कॅमेरावाला आणि नवाकोरा फलक. त्यावर इंदिराबाईंचा हसरा चेहरा, खाली ठळक अक्षरं: ‘मावशींचं ताट अजून भरायचं आहे’, कोपऱ्यात पैसे पाठवायचा चौकोनी कोड. संस्थेच्या दोन कार्यकर्त्यांनी तो पिंडामागे उभा धरला.

“ताई, तुम्ही दोनच शब्द बोला. आईचं स्वप्न वगैरे,” तो हळू आवाजात म्हणाला. “लोक भरभरून देतील.”

कॅमेरावाला पिंडाजवळ उकिडवा बसला. “सर, फलक अर्धाच येतोय.”

“गुरुजी, पिंड जरा अलीकडे घेता येईल?”

गुरुजींनी मामांकडे पाहिलं, मामांनी आसावरीकडे.

एक कावळा खालच्या फांदीवर उतरला, त्याने कॅमेऱ्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि तो पुन्हा वर गेला.

आसावरीचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच खाली आला. ती उठून फलकापुढे जाऊन उभी राहिली.

“मागं व्हा,” ती म्हणाली. “आधी जेवू द्या.”