गुलाबचंदांच्या गाठींचा पूल

मित्रांनो, मी एक पूल आहे. लांबी जेमतेम हातभर, खालची नदी रंगवलेली, आणि वरून जाणारी आगगाडी तुमच्या दप्तरात मावेल एवढी. हसू आलं तर हसून घ्या. पण नागपूरच्या मनीषनगरात माझ्याइतका ताठ मानेने उभा असलेला दुसरा पूल नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

माझं अंग हातमागाच्या जुन्या फणीचं आहे. विणताना ताण्याचे धागे जिच्यातून ओवतात, ती बारीक काड्यांची फणी. विणकर गुलाबचंदांनी उमरेडला तिच्यावर कितीतरी साड्या विणल्या आणि दरवेळी गठ्ठा घेऊन अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने नागपूर गाठलं. पुढे माग थांबला, ती गाडीही थांबली. त्याच गाडीची प्रतिकृती त्यांचा मुलगा संजीव मनीषनगरातल्या घरी एका फळीवर उभारत होता.

गुलाबचंदांचा उजवा हात तेव्हा लकव्याने लुळा पडला होता. बोटं चालवली नाहीत तर ती अशीच आखडून राहतील, असं धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यासाठी दिलेला रबरी चेंडू पलंगाखाली धूळ खात पडला होता. "मी का लहान पोरगा आहो?" म्हणत ते भिंतीकडे तोंड करत.

संजीवने मला गोंदाने चिकटवलं. इंजिन चढलं की माझे सांधे उकलत. मी पुन्हा पुन्हा कोसळलो, तेव्हा पलंगावरून आवाज आला, "चिकटवून काहून राहिला गा? बांध त्याले."

"मले कुठं येते बाबा, तुमची गाठ?"

"आन इकडे."

डावा हात आणि दात यांच्या जोरावर त्यांनी मला धाग्याने बांधून काढलं. उजवा हात नुसता मला दाबून धरायला होता. मग त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी विणकरांच्या रिवाजाप्रमाणे, धागा ताठ राहावा म्हणून, माझ्या धाग्यांना भाताच्या पेजेची खळ पाजली. मागावरचा खळीचा धागा विणून संपतो, मला मात्र घरातच राहायचं होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. उंदराच्या आलं, आणि त्याला पेज आवडली. शेजारीपाजारी गाडी पाहायला जमले आणि त्यांच्या देखत मी इंजिनासकट नदीत आडवा झालो. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

गुलाबचंदांनी उजवा हात शालीखाली ओढून घेतला. "राहू द्या. माह्यानं आता काही होत नाही."

वच्छलाबाईंनी मला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "माह्या खळीपायी उंदरानं धागा खाल्ला. तुमची गाठ एक तरी सुटली का, ते पाहा."

गुलाबचंदांनी चष्मा लावून मला उलटंपालटं करून पाहिलं. धागा जागोजागी कुरतडलेला होता, पण गाठ एकही सैल नव्हती. त्यांनी कुरतडलेले धागे तोडून काढले. मग म्हणाले, "धागा दे वं. अन् या बारीले खळ नको, मेण घासून दे."

या वेळी त्यांनी हट्टाने उजव्या हाताने गाठी मारल्या. धागा निसटे, ते स्वतःवरच चिडत आणि पुन्हा धरत. दिवाळी आली, गेली. माझं दुसरं टोक बांधून झालं, तेव्हा इंजिन माझ्यावरून सरळ पलीकडे गेलं. माझी एक काडीसुद्धा कुरकुरली नाही. पुढच्या वेळी धंतोलीला निघताना गुलाबचंदांनी शर्टाची बटणं स्वतः लावली, आणि वच्छलाबाई देवघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

मला जवळून पाहाल तर माझ्या एका टोकाच्या गाठी ओबडधोबड दिसतील. पुढे पुढे त्या नीट होत जातात, आणि शेवटची तर मागावरच्या गाठीसारखी आहे. संजीव ते पहिलं टोक नव्याने बांधणार होता, पण वच्छलाबाईंनी त्याला हात लावू दिला नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. घरातल्या थकलेल्या हातांना नुसतं "आराम करा" म्हणू नका, त्यांना येणारं काम त्यांच्यापुढे ठेवा. माझ्यावरची धूळ खुशाल पुसा. पण माझं ते वेडंवाकडं टोक कधी सुधारू नका. तिथूनच हात परत आला.