न आलेलं वादळ

उर्मिलानं शाईची डबी म्हाताऱ्यापुढं सरकवली आणि लिहिलेला अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला. सौंसर तहसिलीबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडून ती लोकांची मराठी गाऱ्हाणी हिंदीत उतरवायची. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, हा तिथला रिवाज.

“मेरे भतीजे ने मेरे संतरे के चालीस पेड़ गिरवाए.”

वाचलं तिनं असं. कागदावर मात्र होतं, ‘आँधी में मेरे चालीस पेड़ गिरे.’

मोतीबिंदूमुळं त्या म्हाताऱ्याला, नत्थूजीला, अक्षर दिसत नव्हतं. एकेकाळी अख्ख्या रामाकोना गावाचे अर्ज तोच लिही, आणि त्याची लेखणी अशी की पटवारीही तिला बघून रस्ता बदले म्हणतात. उर्मिलाच्या बापाचा, दादारावचा अर्जही त्यानंच लिहिला होता. दादारावची बाग पाडवली होती नत्थूजीच्या सख्ख्या भावानं. नत्थूजीनं वाचताना ‘गिरवाए’ वाचलं, लिहिताना ‘गिरे’ लिहिलं. शब्दाच्या पोटातलं एवढंसं ‘वा’ काय काढलं, ज्या दिवशी पानही हललं नव्हतं त्या दिवशी रामाकोन्यावर असं वादळ आलं की गुन्हेगारच उडून गेला! दादाराव मरेपर्यंत दुसऱ्यांच्या बागेत संत्री तोडत राहिला.

मराठीत ‘पाडवली’, हिंदीत ‘गिरवाए’. कुणीतरी हे करवलं, असं सांगणारं ते अक्षर उर्मिलानं दोन्ही भाषांत जपलं होतं. आज ते गिळताना तिला गोड लागलं.

“वाचलं तसंच लिहिलं ना, पोरी?”

“मंग काय, काकाजी! मी काय खोटं लिहून राहिली?”

नत्थूजीनं अंगठा उठवला आणि डोक्याच्या केसांना पुसला.

“दादारावचा आवाज हाय तुया गळ्यात. बसलो तवाच ओळखलं.”

उर्मिलाचा हात डबीच्या झाकणावर थांबला.

“पांढुर्ण्यात लिहिणारे चार हायेत,” तो म्हणाला. “घरचे म्हणे, तिकडं चाला. मीच म्हटलं, नाई, मले सौंसरले न्या.”

“मंग अंगठा काहून देला?”

“तुया बापानं बी देला होता.”

कागद उचलून, काठी टेकत तो तहसिलीच्या अर्ज घेणाऱ्या खिडकीकडं निघाला.

“काकाजी, थांबा! आणा तो कागद, दुसरा लिहू द्या मले!”

ती खुर्ची सारून धावली. तोवर बाबूचा शिक्का कागदावर पडला होता. नत्थूजीनं मिळालेली पोच चाचपून नीट घडी केली आणि तिच्या हातात ठेवली.

“घे,” तो म्हणाला. “तुयी हाय.”